पाउलेटाबद्दल तुम्ही विचारलंत

गेल्या अंकात आम्ही पोर्तुगालसाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्यांची यादी छापली होती. वर ख्रिस्तियानो रोनाल्डो, तिसरा युसेबियो, आणि दोघांच्या मध्ये ४७ गोलांसह पाउलेटा. बहुतेक पत्रं या मधल्या नावाबद्दल आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

तीस वर्षं फुटबॉल बघतोय, पण हे नाव कधी ठळकपणे कानावर आलं नाही. युसेबियोच्या पुढे गेलेला माणूस इतका अनोळखी कसा राहतो? (एक वाचक, रत्नागिरी)

कारण तो आपल्याकडे दिसणाऱ्या वाटेने वर आलाच नाही. पेद्रो मिगेल कारेरो रेझेंदेस हे त्याचं पूर्ण नाव. पाउलेटा हे घराण्याचं टोपणनाव, तेच जर्सीवर आलं. जन्म २८ एप्रिल १९७३चा, अझोर्स बेटांमधल्या सांव मिगेल बेटावर, पोंता देल्गादा शहरात. ही बेटं अटलांटिक महासागरात, लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटर पश्चिमेला. तो वाढत होता तेव्हा अझोर्सचा एकही क्लब पोर्तुगालच्या पहिल्या विभागात नव्हता. पोंता देल्गादाचा सांता क्लारा पहिल्यांदा तिथे पोचला तो १९९९ मध्ये, आणि तोवर पाउलेटा स्पेनमध्ये जाऊन स्थिरावला होता.

वयाच्या बाविशीपर्यंत त्याचं बहुतेक फुटबॉल बेटांवरच्या क्लबांमध्ये चाललं. १९९५ मध्ये तो मुख्य भूमीवर एस्तोरिलला आला, तेही दुसऱ्या विभागात. एका हंगामानंतर, १९९६ मध्ये, त्याने सीमेपलीकडचं सालामांका गाठलं. हाही दुसऱ्याच विभागातला क्लब, फक्त स्पेनचा. तिथे पहिल्याच हंगामात १९ गोल करून तो त्या विभागात सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि संघ वर चढला. पुढच्या वर्षी ला लीगात, म्हणजे रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या पंगतीत, त्याने १५ गोल केले. ऑगस्ट १९९७ मध्ये अर्मेनियाविरुद्ध त्याला पोर्तुगालची जर्सी मिळाली.

यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून बऱ्याच जणांना छपाईची चूक वाटते: पोर्तुगालच्या पहिल्या विभागात पाउलेटा एकही सामना खेळला नाही. बेन्फिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांभोवतीच तिथली वर्तमानपत्रं फिरतात. या तिघांपैकी एकाचाही शिक्का नसलेल्या खेळाडूला मायदेशातच उशिरा मान मिळाला, मग तो रत्नागिरीपर्यंत पोचायला वेळ लागणारच.

देपोर्तिवो ला कोरुन्याने २००० साली स्पेनची लीग जिंकली तेव्हा तो संघात होता ना? मग विजेत्या संघातून लगेच बाहेर का पडला?

होता. १९९८ ते २००० अशी दोन वर्षं तो तिथे होता. ते विजेतेपद देपोर्तिवोच्या इतिहासातलं आजवरचं एकमेव लीग विजेतेपद आहे. पण प्रशिक्षक हावियेर इरुरेता पुढे बहुधा एकच स्ट्रायकर ठेवायचे आणि १९९९ मध्ये रॉय मकाय आला. त्याने त्या हंगामात लीगमध्ये २२ गोल केले, त्यामुळे जागेचा प्रश्नच मिटला. पाउलेटाकडे पदक होतं, पण नियमित मिनिटं नव्हती. सत्तावीस वर्षांच्या स्ट्रायकरने बाकावर बसून वर्षं घालवायची की खेळायला मिळेल तिथे जायचं, एवढाच हिशेब होता. तो फ्रान्समधल्या बोर्डो क्लबला गेला. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत बरोबर निर्णय हाच.

बोर्डोसाठीच्या पहिल्याच सामन्यात, नांतच्या मैदानावर, त्याने हॅटट्रिक केली. तीन हंगामांत लीगमध्ये २०, २२ आणि २३, आणि सर्व स्पर्धा मिळून ९१ गोल. २००१-०२ मधल्या २२ गोलांवर तो ओसेरच्या जिब्रिल सिसेसोबत संयुक्तपणे फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा होता. त्याच मोसमात लीग कपच्या अंतिम सामन्यात लोरियांविरुद्धच्या ३-० विजयात त्याचे दोन गोल होते. २००२ आणि २००३, सलग दोन वर्षं, फ्रान्समधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. मत सहकारी आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंचं असतं, म्हणून या बक्षिसाचं वजन जास्त.

आकडे मोठे आहेत, पण मोठ्या स्पर्धेत तो गायब असायचा असं माझा भाऊ ठामपणे सांगतो. ४७ पैकी किती गोल लक्झेंबर्ग-लिख्टेनस्टाइनसारख्या संघांवर आहेत? (एक वाचक, नागपूर)

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आधी आकडे बघू. पाउलेटा चार मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत खेळला: युरो (युरोपीय देशांची अजिंक्यपद स्पर्धा) २०००, विश्वचषक २००२, युरो २००४ आणि विश्वचषक २००६. यांत मिळून त्याचे गोल चार. त्यातले तीन एकाच संध्याकाळी, १० जून २००२ रोजी जॉन्जू इथे पोलंडविरुद्ध. गोलमध्ये लिव्हरपूलचा येर्झी डुडेक होता आणि पोर्तुगालने तो सामना ४-० जिंकला. चौथा गोल ११ जून २००६ रोजी कोलोनला अंगोलाविरुद्ध, चौथ्याच मिनिटाला, फिगोच्या पासवर. दोन्ही युरोंमध्ये शून्य.

आता दुसरी बाजू. २००६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याने ११ गोल केले, युरोप खंडात सर्वाधिक. त्या गटात रशिया आणि स्लोव्हाकिया होते, तसेच लाटव्हिया, एस्टोनिया, लिख्टेनस्टाइन आणि लक्झेंबर्गही होते. २००३ मध्ये कुवेतविरुद्धच्या ८-० मैत्रीपूर्ण सामन्यात त्याचे चार गोल आहेत. म्हणजे दुबळ्या संघांवर त्याने हात धुऊन घेतले हे खरं. पण असे संघ प्रत्येक देशाच्या प्रत्येक स्ट्रायकरच्या वाट्याला येतात. समोर आलेली संधी आत घालणं हेच त्याचं काम, आणि लक्झेंबर्गविरुद्ध चुकलेला गोलही गुणतक्त्यात तेवढाच महाग पडतो.

मग मुख्य फेरीत काय बिघडायचं? याचं उत्तर पोर्तुगालच्या मांडणीत शोधावं लागतं. तेव्हाचे प्रशिक्षक लुईस फेलिप स्कोलारी यांच्या संघात पुढे एकटा स्ट्रायकर, मागे डेको, आणि दोन्ही बाजूंना फिगो नि तरुण रोनाल्डो. हे दोघे विंगर चेंडू घेऊन आत वळायचे आणि स्वतः फटका मारायचे. पाउलेटाला हवा असायचा तो लवकर आलेला, बचावफळीच्या मागे पडणारा पास किंवा पहिल्या खांबाकडचा खालचा क्रॉस. पात्रता फेरीत चेंडू सत्तर टक्के आपल्याकडे असला की असे पास नव्वद मिनिटांत दहा-बारा वेळा येतात. स्पेन, इंग्लंड किंवा फ्रान्ससमोर ते दोन किंवा तीनच येतात. जो खेळाडू चेंडू मागायला खाली येत नाही, तो अशा सामन्यात दिसतच नाही.

त्यातच स्कोलारी त्याला लवकर काढायचे. युरो २००४ मध्ये स्पेनविरुद्ध मध्यंतराला नुनो गोमेस त्याच्या जागी आला आणि विजयी गोल त्यानेच केला. लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात ग्रीसविरुद्ध पाउलेटा सुरुवातीपासून होता, पण त्या सामन्यात पोर्तुगालला एकही गोल करता आला नाही. २००६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स, दोन्ही सामन्यांत तासाभरानंतर त्याच्या जागी सिमांव आला. मात्र एक नोंद भावाला जरूर दाखवा: त्याच स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्ध १-० असा जो सामना पोर्तुगालने जिंकला, त्यातला मानिशचा गोल पाउलेटाने बॉक्समध्ये चेंडू थांबवून दिलेल्या पासवर झाला. तो उपयोगी होता, पण पोर्तुगालने त्याला ज्या कामासाठी घेतलं होतं ते काम मोठ्या सामन्यात त्याच्याकडून कमी झालं. आमचं मत विचाराल तर दोष सत्तर टक्के मांडणीचा, तीस टक्के त्याचा.

युसेबियोचा विक्रम नेमका कधी मोडला? आणि दोघांत श्रेष्ठ कोण?

ऑक्टोबर २००५ मध्ये. लिख्टेनस्टाइनविरुद्ध ४१वा गोल करून त्याने बरोबरी केली आणि १२ ऑक्टोबरला पोर्तोच्या द्रागांव मैदानावर लाटव्हियाविरुद्ध दोन गोल करून पुढे गेला. पोर्तुगालने तो सामना ३-० जिंकला. युसेबियोचे ४१ गोल ६४ सामन्यांत, पाउलेटाचे ४७ गोल ८८ सामन्यांत. सरासरीत युसेबियो स्पष्टपणे पुढे. १९६६च्या एकाच विश्वचषकात त्याने नऊ गोल केले होते. श्रेष्ठ युसेबियोच, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाउलेटाचा विक्रम ५ मार्च २०१४ पर्यंत टिकला. त्या दिवशी लेरियात कॅमेरूनविरुद्ध रोनाल्डोने ४८वा आणि ४९वा गोल केला.

पॅरिस सां-जर्मांसाठी त्याचे १०९ गोल आहेत. आज एमबाप्पेचे अडीचशेच्या वर आहेत. मग १०९चं एवढं कौतुक कशाला? (एक वाचक, ठाणे)

कारण तेव्हाचं पॅरिस आजचं नव्हतं. २००३ ते २००८ या त्याच्या पाच हंगामांत लीगमधलं स्थान बघा: दुसरं, नववं, नववं, पंधरावं, सोळावं. शेवटच्या हंगामात तर खालच्या विभागात घसरण्याची वेळ आली होती आणि शेवटच्या दिवशी सोशोमध्ये २-१ असा सामना जिंकून क्लब वाचला. कतारचा पैसा २०११ नंतरचा.

अशा संघात त्याने लीगमध्ये अनुक्रमे १८, १४, २१, १५ आणि ८ गोल केले. २००५-०६ मध्ये २१ आणि २००६-०७ मध्ये १५ गोलांवर तो पुन्हा फ्रान्समध्ये अव्वल. पंधराव्या क्रमांकावर राहिलेल्या संघातला माणूस लीगमध्ये सर्वाधिक गोल करतो, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. त्या वर्षी पॅरिसने मुळात संधीच कमी तयार केल्या होत्या, त्यामुळे त्याला मिळालेल्या फटक्यांतून गोलांचं प्रमाण राखणं भाग होतं. चषकही आले: २००४च्या फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात शातोरूविरुद्ध १-०, गोल त्याचाच. २००६ला पुन्हा फ्रेंच कप. २००८ला लीग कप, अंतिम सामन्यात लांसविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्याचाच.

क्लबमध्ये डोमिनिक रोशतोचे १०० गोल होते, ते पाउलेटाने ओलांडले. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये झ्लाटान इब्राहिमोविचने त्याला मागे टाकलं, मग कवानी, मग एमबाप्पे. बोर्डो आणि पॅरिस मिळून फ्रान्सच्या पहिल्या विभागात पाउलेटाचे लीग गोल १४१.

गोल झाल्यावर तो हात पसरून का धावायचा? (एक वाचक, मडगाव)

अझोर्सच्या ध्वजावर शिकारी पक्षी आहे, ससाण्याच्या जातकुळीतला. पंख पसरून उडणारा तो पक्षी दाखवायचा, म्हणजे आपण कुठले हे सगळ्यांना कळावं. फ्रान्समध्ये त्यावरून त्याला ‘अझोर्सचा गरुड’ म्हणत.

मी कोल्हापुरात सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. पाउलेटा फार उंच नव्हता, फार वेगवानही नाही. मग बचावपटूच्या पुढे तो पोचायचा कसा? हे मुलांना शिकवता येईल का?

येईल, आणि तुमचा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला. त्याची उंची सुमारे १.८० मीटर, म्हणजे मध्यवर्ती बचावपटूंपेक्षा बहुधा कमीच. त्याचं भांडवल होतं सुरुवातीची दोन-तीन पावलं आणि ती कधी टाकायची याची समज. जुने सामने बघताना चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्याकडे बघा.

तो उभा राहायचा बचावपटूच्या खांद्यामागे, मीटर-दीड मीटर अंतरावर, जिथे बचावपटूला चेंडू आणि तो एकाच वेळी दिसत नाहीत. पास देणारा चेंडू ताब्यात घेत असताना तो एक-दोन पावलं उलट दिशेने, म्हणजे चेंडूकडे यायचा. बचावपटू त्याच्यासोबत पुढे सरकला की मागे जागा उघडायची. मग पास देणाऱ्याची मान वर झाली आणि पाय मागे गेला की तो वळून, आधी बचावफळीला समांतर आणि मग आत, असा कमानीने धावायचा. सरळ पळालात तर चेंडू सुटायच्या आत तुम्ही ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे गेल्यामुळे नियमबाह्य. कमानीत पळालात तर वेगही येतो आणि रेषेवरही राहता.

सरावासाठी बॉक्सच्या बाहेर वीस मीटरवर पास देणारा एक मुलगा ठेवा. बॉक्सच्या कडेवर एक खरा बचावपटू, शंकू नको, कारण शंकू मान वळवत नाही. स्ट्रायकरला बारा चेंडू द्या, सहा डावीकडून, सहा उजवीकडून. पहिले चार वेळा बचावपटूने फक्त चालायचं, पुढचे चार अर्ध्या वेगाने, शेवटचे चार पूर्ण ताकदीने. फटका दोन स्पर्शांत संपला पाहिजे: पहिला स्पर्श चेंडू पायापासून मीटरभर पुढे, गोलच्या दिशेने तिरका ढकलण्यासाठी, आणि दुसरा फटका. तीन स्पर्श झाले की चेंडू बाद धरा.

चुका साधारण तीन दिसतील. पहिली, पास देणाऱ्याने डोकं वर करण्याआधीच धाव. इथे मुलाला दोष देऊ नका, दोघांची वेळ जुळायला महिना लागतो. दुसरी, पहिला स्पर्श पायाखालीच राहणं. मग फटक्यासाठी पाऊल जुळवावं लागतं आणि तेवढ्यात बचावपटू पोचतो. तिसरी, आणि सर्वांत जास्त दिसणारी, फटका मारताना गोलकीपरकडे बघणं. पाउलेटाच्या बहुतेक गोलांत फटका जोरकस नाही, खालचा आहे, दूरच्या खांबाकडे आहे. खांब कुठे आहे ते धावतानाच बघून घ्यायचं, फटक्याच्या क्षणी नजर चेंडूवर.

पायाने दोन्ही बाजूंना मारता यायला हवं हे वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे उजव्या पायाची मुलं जास्त असतील तर डावीकडून येणारे सहा चेंडू डाव्याच पायाने, सक्तीने.

पोर्तुगालचा एखादा स्ट्रायकर आपल्याकडे भारतात खेळला आहे का?

पाउलेटा नाही. पण युरो २००४च्या त्याच संघातला हेल्डर पोस्तिगा खेळला आहे. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बदली म्हणून येऊन बरोबरीचा गोल करणारा आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोलकीपर डेव्हिड जेम्सला हळुवार चिपने, म्हणजे चेंडू अलगद वर उचलून, चकवणारा तोच. पोर्तुगालसाठी त्याचे २७ गोल आहेत. २०१५ आणि २०१६ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये अॅटलेटिको दे कोलकाताचा मुख्य परदेशी खेळाडू होता. चेन्नईत पहिल्याच सामन्यात दोन गोल केले आणि त्याच सामन्यात जखमी झाला. २०१६ला कोलकाता विजेता ठरला.

बार्थेझवरून मारलेला तो चिप खरंच जमवून मारला होता की लागला? आणि असा चिप शिकायचा कसा? (एक वाचक, पुणे)

२५ एप्रिल २००४, पॅरिसचं मैदान पार्क दे प्रँस, समोर मार्सेयचा संघ आणि गोलमध्ये फ्रान्सचा विश्वविजेता फाबियन बार्थेझ. बार्थेझ पुढे आला, पाउलेटा गोलरेषेच्या जवळ, अगदी चिंचोळ्या कोनात होता, आणि त्याने चेंडू बार्थेझच्या डोक्यावरून उचलून आत टाकला. लागला असता तर चेंडू उलटा फिरत खाली आला नसता. चेंडूखाली पाय घालून, फटक्यानंतर पाय पुढे न नेता थांबवून मारलेला चिपच तसा पडतो. शिवाय त्या कोनातून दुसरा पर्यायच नव्हता: जमिनीवरून फटका मारला तर बार्थेझचं शरीर आडवं, मागे पास द्यायला उशीर.

शिकताना टेकवायचा पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, अंगठा लक्ष्याकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, गुडघ्यापासून खालचाच भाग झटकायचा. पायाची बोटं आणि बुटाच्या लेसचा खालचा भाग चेंडूच्या तळाशी, गवताला घासून आत शिरला पाहिजे. आणि पाय तिथेच थांबवायचा. वर नेलात तर चेंडू बारवरून, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांड्यावरून, जातो.

चेंडू आपल्याकडे येत असेल किंवा थांबला असेल तर तो सहज उचलतो. आपल्यापासून दूर धावणाऱ्या चेंडूखाली पाय शिरत नाही, म्हणून तिथे चिपचा मोह टाळावा. गोलकीपर पाच-सहा मीटर पुढे आला असेल आणि गुडघे वाकवून खाली बसत असेल तेव्हाच मारा. रेषेवर उभ्या असलेल्या गोलकीपरवर चिप मारला तर तो आरामात झेलतो. बार २.४४ मीटरवर आहे. सुरुवातीला गोलकीपरऐवजी गोलसमोर सहा मीटरवर दोन खांबांना दोन मीटर उंचीवर दोरी बांधा आणि चेंडू दोरीवरून जाऊन बारखाली पडेल असा सराव करा. चेंडू दोरीला लागत असेल तर पाय पुरेसा तळाशी जात नाही. बारवरून जात असेल तर अंग मागे झुकतंय किंवा पाय थांबत नाही. एका वेळी पंधरापेक्षा जास्त चेंडू नकोत, घोटा दमला की तो सैल पडतो आणि चुकीची सवय लागते.